उद्घाटन बाकी आहे

“वैनी, शिवलिंग उठत न्हाई.”

ट्रेलरवाला रफीक मुजावर अंगणाच्या कडेला उभा राहून एवढंच बोलला. मी वाल सोलत बसले होते. त्याच्या हातात माझ्याच नळावर भरलेली पाण्याची बाटली होती, आणि तिचं झाकण लावायचंही त्याला सुचलं नव्हतं. पाणी त्याच्या पायावर सांडत होतं.

“उठत नाही म्हणजे?”

“हाका मारल्या, काच बडवली. दार आतनं लावलंय. इंजन चालूच हाय.”

मी सूप बाजूला सारलं आणि त्याच्यामागे धावले.

ही मी सरपंच होते तेव्हाची गोष्ट. आमचं चिंचखार खाडीकाठी, आणि गावाला लागून बंदर. बंदराच्या फाटकापासून ट्रेलरची जी रांग लागायची, ती देवळावरून, शाळेवरून, माझ्या दारावरून थेट खाडीच्या पुलापर्यंत जायची. मार्चमध्ये द्राक्षांचा हंगाम. सांगली-तासगावकडून थंड डबे यायचे, त्यांना ड्रायव्हर लोक रीफर म्हणतात. डब्यातली द्राक्षं टिकायची तर डब्याचं यंत्र अखंड चालायला हवं, आणि रस्त्यावर ते चालतं गाडीला टांगलेल्या डिझेल जनरेटरवर. रांग अधूनमधून वीतभर पुढे सरकायची, म्हणून गाडीचं इंजिनही चालू. शिवाय केबिनमध्ये एसी नसेल तर माणूस त्या उन्हात भाजून निघेल. म्हणजे एकेका गाडीची दोन धुराडी, आणि अशा गाड्या नजर पोचेल तिथवर. दोरीवर वाळत घातलेलं पांढरं लुगडं संध्याकाळी राखाडी होऊन घरात यायचं. अंगणवाडीच्या खिडक्या आम्ही खिळे मारून बंद केल्या होत्या. माझ्या सासूबाई घरातसुद्धा तोंडाला पदर लावून झोपायच्या.

आणि हे थांबवण्यासाठी जे करायला हवं होतं, ते सगळं करून झालेलं होतं. माझ्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, गावाच्या गुरचरणीवर ट्रेलरसाठी यार्ड बांधून तयार होतं. सिमेंटची जमीन, ओळीनं लोखंडी खांब, प्रत्येक खांबावर रीफर विजेवर जोडायची पेटी, ड्रायव्हरना आंघोळीची सोय, पडायला पंख्याची खोली. गाडी आत लावायची, डबा विजेवर टाकायचा, जनरेटर बंद करायचा, इंजिन बंद करायचं. बंदरात नंबर लागला की मोबाईलवर निरोप येणार, की निघायचं. रस्त्यावर रांग म्हणून राहणारच नाही.

त्या जमिनीसाठी ग्रामसभेत मी पदर खोचून भांडले होते. गुरं कुठं चारायची, असं विचारणाऱ्यांना मी सांगितलं होतं, “गावातला धूर जाईल. माझा शब्द.” लोकांनी माझ्या तोंडाकडे बघून हात वर केले. गुरचरण गेली, यार्ड झालं, फाटकाला कुलूप लागलं. ते कुलूप निघायला उद्घाटनासाठी मंत्र्यांची तारीख हवी होती आणि ती काही मिळत नव्हती. ‘आणि तसंही विजेची जोडणी बाकी आहे,’ असं बंदराच्या कार्यालयातून दर वेळी सांगायचे. त्यावर आम्ही गप्प बसायचो. वीजच नाही तर कुलूप काढून काय करणार?

शिवलिंग कोष्टीची गाडी यार्डाच्या कुंपणाला जवळजवळ खेटून उभी होती. खिडक्या बंद, आतून काचांवर वाफ. शिवलिंग हा अबोल माणूस. दर खेपेला पाणी भरायला यायचा तेव्हा सासूबाईंसाठी बेदाण्याची पुडी ओट्यावर ठेवायचा आणि काही न बोलता निघून जायचा. रफीक त्याच्याच गावचा, दोघांच्या गाड्या नेहमी मागेपुढे असायच्या.

रफीकनं टायर काढायची टॉमी आणली, म्हणजे ती लोखंडी पहार, आणि काच फोडली. आतून जी वाफ आली ती मला अजून आठवते. जळक्या डिझेलची, गोडसर, घशात बसणारी. शिवलिंग सीटमागच्या फळीवर कुशीवर झोपलेला होता. उन्हानं डोळे दुखू नयेत म्हणून चेहऱ्यावर ओला टॉवेल टाकलेला. आम्ही त्याला खाली घेतलं. श्वास होता, पण असा की, आहे म्हणावं की नाही, कळू नये.

“जीप बोलवा,” मी ओरडले.

“जीप येनार कुटनं?” रफीक म्हणाला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ट्रेलर उभे होते. मधून सायकल निघाली असती एवढीच वाट होती.

यार्डातून मात्र निघता आलं असतं. यार्डाचं पलीकडचं फाटक थेट हायवेवर उघडत होतं. फाटकावर आमचे जनार्दनकाका होते, नात्यानं माझे चुलतसासरे. गुरचरण गेल्यावर गावातल्या चौघांना नोकऱ्या मिळाल्या, त्यातली एक ही वॉचमनची. मी हाक मारायच्या आधीच काका फोन कानाला लावून उभे होते.

“परवानगी विचारतोय गो. कोणी उचलत नाही.”

“काका, माणूस जातोय!”

“पुन्हा लावतो. आत्ता लावतो.”

आम्ही थांबलो नाही. शिवलिंगला चादरीत घेतलं आणि मी, रफीक आणि रांगेतले दोघे ड्रायव्हर अशा चौघांनी मिठागराच्या बांधावरून हायवे गाठला. बांध अरुंद, एका वेळी दोघांना पाय ठेवायला जागा नाही. एकदा रफीक घसरून चिखलात गेला, पण चादरीचं टोक त्यानं सोडलं नाही. हायवेवर टेम्पो मिळाला. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि मान हलवली.

“धुरानं गुदमरलाय,” ते म्हणाले. “किती वेळ होता तसा?”

रफीक भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मी त्याला तसाच बंदराच्या कार्यालयात घेऊन गेले. त्याच्या अंगावरचा मिठागराचा चिखल वाळला होता, आणि तिथल्या गुळगुळीत फरशीवर त्याची ढेकळं पडत होती. शिपायानं त्याला बाहेर थांबायला सांगितलं. मी म्हटलं, “तो आत येईल.”

प्रकल्प अधिकारी टिपणीस हा माणूस कधीच आवाज चढवायचा नाही. आमच्या ग्रामसभेला आला होता तेव्हा सासूबाईंच्या पाया पडला होता. त्यानं उठून खुर्ची पुढे केली, चहा मागवला, आणि शिवलिंग गेल्याचं ऐकल्यावर खरोखरच त्याचा चेहरा उतरला.

“फार वाईट झालं. फारच. घरी कोण कोण आहे त्यांच्या?”

“बायको हाय. लहान पोरगी हाय,” रफीक म्हणाला.

“अरेरे.” टिपणीसनं टेबलावरचा कागद पुढे ओढला. “काच फोडल्याचं कळलं तेव्हाच आमचा माणूस गाडी बघून आलाय. केबिनखाली सायलेन्सरचा पाईप फुटलेला आहे. धूर सरळ आत येत होता. गाड्यांची देखभाल मालक लोक करत नाहीत, सरपंच मॅडम. आम्ही किती वेळा सूचना दिल्या.”

“पाईप फुटका होता हे खरं,” रफीक म्हणाला. “पण सकाळधरनं इंजन चालू ठेवाय कुनी लावलं, सायेब?”

टिपणीसनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तो माझ्याकडे बघून बोलत राहिला. “बंदराचा यात तसा संबंध येत नाही.”

त्याच्या खुर्चीमागे काचेच्या कपाटात एक नवीन ढाल ठेवलेली होती. हिरवं पान, त्यावर सोनेरी जहाज. खाली अक्षरं होती, ती मी वाचली. स्वच्छ मालवाहतुकीसाठी राज्यस्तरीय गौरव. बाजूला चौकटीत फोटो होता: आमचं यार्ड, वरून घेतलेलं, रिकामं, चकचकीत.

“हे कशाबद्दल मिळालं?” मी विचारलं.

“ते जानेवारीत. विजेवर चालणाऱ्या यार्डाबद्दल.”

“बंद यार्डाबद्दल?”

“म्हणजे, काम पूर्ण झालंय ना. आपल्या अहवालात ते कार्यान्वितच दाखवलंय.” हे तो इतक्या सहज बोलला की, बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच जाणवलं असावं. त्यानं चहाचा कप माझ्याकडे सरकवला. “घ्या ना.”

“यार्ड आज उघडा.”

“मॅडम, मंत्रिमहोदयांनी तारीख दिल्याशिवाय मला नाही उघडता येत. माझी नोकरी जाईल. आणि उघडून उपयोग काय? विजेची जोडणी बाकी आहे, मी मागेच सांगितलं होतं.”

मी उठले. चहाला आम्ही दोघांनीही हात लावला नव्हता.

परत येताना टेम्पोत रफीक एकदाच बोलला. “त्याच्या डब्यात माल तसाच हाय, वैनी. जनरेटर चालू ठेवायला सांगून आलोय. न्हाईतर मालक म्हनंल, मेला तो मेला आनि द्राक्षं पन घालवली.”

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी सरकलं. शिवलिंग गेला होता, त्याची गाडी मात्र अजून धूर ओकत होती, आणि ती बंद करायची कुणाची हिंमत नव्हती. माणसाला थांबता येतं, मालाला नाही!

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. बातमी पसरली होती. ड्रायव्हर गाड्यांतून उतरून फाटकाजवळ जमले होते, गावातलीही माणसं होती. जनार्दनकाका स्टुलावर बसले होते. मला पाहून ते उठले आणि खिशात हात घातला.

“ही घे किल्ली,” ते हळूच म्हणाले. “मला काय करायचंय आता नोकरीचं.”

“नको काका. ठेवा खिशात. कुणी विचारलं तर सांगा, मी मागितलीच नाही.”

मी रफीकच्या गाडीतून टॉमी काढली. ती एवढी जड असेल असं वाटलं नव्हतं. पहिल्या दोन घावांत कुलपाला ओरखडासुद्धा आला नाही. कुणीतरी पुढे होऊन पहार घ्यायला लागलं, तर मी म्हटलं, “हात लावू नका. हे माझ्या एकटीच्या नावावर जाऊ दे.” मग टोक कडीत अडकवलं, सगळा भार टाकला, आणि कडीच भिंतीतून उपटून आली.

फाटक उघडलं, पण गाडी कुणीच हलवेना. “नंबर काळ्या यादीत टाकतील,” एक जण म्हणाला. “पुन्हा बंदरात घेणार नाहीत.” त्याचं चुकत नव्हतं. त्याचं पोट त्या गाडीवर होतं.

रफीक शिवलिंगच्या गाडीत चढला. फुटलेल्या काचा त्यानं टॉवेलनं झाडल्या आणि ट्रेलर वळवून सरळ आत नेला, पहिल्या खांबापाशी. खाली उतरून त्यानं डब्याची जाड केबल ओढली.

“कशाला?” मी म्हटलं. “वीज कुठं आहे?”

“बगू तरी.”

त्यानं प्लग पेटीत बसवला, फिरवला, आणि खटका वर केला. डब्याच्या पाठीवर हिरवा दिवा लागला. आतून पंखा घुमल्याचा आवाज आला.

रफीक दिव्याकडे बघत राहिला. मग वाकून त्यानं जनरेटर बंद केला. हिरवा दिवा तसाच. केबिनमध्ये चढून त्यानं इंजिन बंद केलं. डब्याचं यंत्र चालूच होतं, घरातल्या फ्रिजसारखं, जरा मोठ्या आवाजात, बस्स.

वीज होती.

मला आधी अर्थच लागेना. मी दुसऱ्या खांबापाशी गेले, पेटी उघडली, आत डोकावले, जणू काही मला त्यातलं कळतं. मागे जनार्दनकाका बोलत होते, स्वतःशीच, “म्हणजे मी राखत होतो ते काय?” आणि मग मी त्या पेटीचं झाकण दाणकन आपटलं. वर्षभर आम्ही वीज नाही म्हणून गप्प बसलो होतो. अंगणवाडीच्या खिडक्यांना खिळे ठोकले होते. आज एक माणूस या कुंपणाला टेकून गुदमरला, आणि त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर हे खांब जिवंत होते.

“आणा रे आत!” मी ओरडले. माझा आवाज फाटला होता. “सगळ्या गाड्या आणा!”

आता कुणी काळ्या यादीचं नाव काढलं नाही. एकामागून एक ट्रेलर आत आले, केबली ओढल्या गेल्या, दिवे लागत गेले, इंजिनं बंद होत गेली. रस्ता मोकळा झाला. आवाज कमी कमी होत एका क्षणी थांबलाच. तेव्हा माझ्या सासूबाई दारातून बाहेर आल्या, पदर अजून तोंडाला धरलेला, आणि घाबरून विचारायला लागल्या, “काय झाला गो? सगला गप कशान झाला?”

मी जाऊन त्यांचा पदर तोंडावरून खाली केला.

पोलीस आले, आणि त्यांच्यामागून टिपणीसची गाडी. तो आत येऊन खांबांच्या ओळीकडे, हिरव्या दिव्यांकडे पाहत उभा राहिला.

“हे काय केलंत, मॅडम?”

“वीज कधी आली?” मी विचारलं.

तो पोलिसांकडे वळला.

“टिपणीस साहेब, वीज कधी आली?”

“दिवाळीच्या आधी.”

“मग आम्हाला खोटं का सांगितलंत?”

त्यानं चष्मा काढला, रुमालानं पुसला. “खरं सांगितलं असतं,” तो म्हणाला, “तर तुम्ही आज जे केलंत ते तेव्हाच केलं असतंत.”

रफीक त्याच्या अंगावर धावला. तिघांनी त्याला धरलं. मला आजही वाटतं, त्याला धरायला नको होतं.

माझ्यावर गुन्हा दाखल झाला: सरकारी मालमत्तेचं नुकसान आणि बेकायदा प्रवेश. यार्ड मात्र पुन्हा बंद करायची कुणाची छाती झाली नाही. वर्तमानपत्रात बातमी आली होती, गाव फाटकात बसून होतं. यार्ड चालू राहिलं. खिडक्यांचे खिळे आम्ही काढले. बंदरातून मोबाईलवर नंबर यायला लागले, आणि पूर्वी दोन-दोन दिवस तिष्ठणारे ड्रायव्हर जेवून, झोप काढून निघायला लागले. सगळं ठरल्याप्रमाणे झालं. इतकं सोपं होतं ते.

आणि मग ऑगस्टमध्ये मंत्र्यांनी तारीख दिली.

उद्घाटन करायचं तर यार्ड कोरं दिसायला हवं, म्हणून आदल्या दिवशी आतल्या सगळ्या गाड्या बाहेर काढल्या. पुन्हा रस्त्यावर रांग, पुन्हा जनरेटर, पुन्हा तो धूर. फाटकाला लाल फीत बांधली. सकाळी एक महिला हवालदार माझ्या दारात आली आणि ओशाळून म्हणाली, “ताई, कार्यक्रम होईपर्यंत ठाण्यात येऊन बसा. वरून सांगितलंय.” मी गेले. ठाण्याच्या बाकड्यावरून लाऊडस्पीकर ऐकू येत होता. स्वागत झालं, हारतुरे झाले, मंत्री बोलायला उभे राहिले, आणि त्याच वेळी रांगेतल्या एका गाडीनं हॉर्न दिला. मग दुसरीनं. मग पुलापर्यंतच्या सगळ्यांनी. भाषण संपेपर्यंत ते थांबले नाहीत. तो पहिला हॉर्न रफीकचा होता हे मला नंतर कळलं, पण ओळखलं होतं मी तेव्हाच.

फाटकाशी काळी शिळा बसली. तिच्यावर मंत्र्यांचं नाव, टिपणीसचं नाव, लोकार्पणाची तारीख.

त्या शिळेची तारीख किती कामाची आहे, हे मला पुढच्या वर्षी कळलं. शिवलिंगच्या बायकोनं, भारतीनं, चौकशीची मागणी केली होती. तिच्याबरोबर मीही साक्षीला गेले. चौकशी अधिकाऱ्यांनी निष्कर्ष वाचून दाखवला, त्याचा कागद भारतीच्या हातात दिला: मृत्यू वाहनातील बिघाडामुळे झाला, बंदराची कसूर नाही, कारण यार्ड ऑगस्टमध्ये सुरू झालं, आणि घटनेच्या वेळी, मार्चमध्ये, त्या परिसरात गाड्या उभ्या करण्याची अशी कोणतीही सोय अस्तित्वात नव्हती.

“नव्हती?” भारतीनं मला विचारलं. तिला वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझ्या खटल्याची सुनावणी लागली. सरकारी वकिलांनी आरोप वाचला: मार्च महिन्यात, सर्व सोयींनी सज्ज असलेल्या यार्डाचं कुलूप आरोपीनं तोडलं. न्यायाधीशांनी विचारलं, “आरोप मान्य आहे?”

माझ्या वकिलांनी मला गप्प राहायला बजावलं होतं. त्यांनी माझी बाहीसुद्धा ओढली.

“कुलूप मी तोडलं, साहेब,” मी म्हटलं. “पण तिथं मार्चमध्ये यार्ड नव्हतंच, असं सरकारनं एका विधवेला लिहून दिलंय. मग मी तोडलं ते कुलूप कशाचं होतं, एवढं मला कुणीतरी सांगावं.”

कोर्टात कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी कागदावरून नजर उचलली आणि ते सरकारी वकिलांकडे वळले.

“यार्ड तेव्हा होतं की नव्हतं?”

वकिलांनी कागद चाळले, मागे बसलेल्या टिपणीसकडे पाहिलं, पुन्हा चाळले. मग त्यांनी उत्तर द्यायला मुदत मागितली. पुढची तारीख पडली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. सासूबाई गेल्या. टिपणीस बढती घेऊन दुसऱ्या बंदरात गेला. मी अजून तारखांना जाते, कारण मला ते उत्तर ऐकायचं आहे. दर वेळी सरकारी वकील नवीन असतो. दर वेळी तो उठतो आणि मुदत मागतो.